आंधळीची दरड

८ जून २००२, शनिवार

मानसीचं पत्र आलं. बारा वर्षांत नववर्षाच्या कार्डापलीकडे तिने काही लिहिलं नव्हतं, आणि आज एकदम दोन पानं. पाकिटावर पुण्याच्या संस्थेचं नाव छापलेलं, खाली तिच्या नावामागे 'डॉ.'. हे 'डॉ.' माझ्या डोळ्यांत जरा जास्तच वेळ राहिलं. कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

ती महाड-पोलादपूरच्या डोंगरात देवगांडूळ शोधायला येते आहे. बिनपायाचा, बेडकाच्या जातकुळीतला प्राणी. लोक साप समजून ठेचतात. पावसाचा काही भरवसा राहिलेला नाही, जमिनीतली ओल मध्येच उडून जाते, आणि याची अंडी ओल्या मातीबाहेर जगत नाहीत. म्हणून ते कुठे कुठे उरलेत त्याची यादी करायची आहे. "मला तूच हवीस" असं लिहिलंय. स्थानिक कोणीतरी हवं असणार.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्रात मी पहिली होते आणि ती तिसरी. बेडकाचं विच्छेदन तिला मी शिकवलं. सुरी धरताना तिचे हात लटलट कापायचे. मग माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला. मी बी.एड. करून इथल्या शाळेत लागले, ती पुण्याला गेली. एवढंच घडलं. त्यात तिचा काही दोष नाही. हे वाक्य मी बारा वर्षं स्वतःला ऐकवते आहे.

किरण एसटीच्या आगारातून आल्यावर पत्र वाचून म्हणाला, "जा की. रविवारी तरी फळा-खडूतून सुटशील." नवऱ्याला सगळं सोपंच दिसतं. मी होकार कळवला.

१६ जून, रविवार

पाय भरून आलेत, तरी लिहिते.

सकाळच्या शिवथरच्या एसटीने गेलो आणि पुलापाशी उतरून वरच्यावाडीचा डोंगर चढलो. तासभराची चढण. वर चौदा घरं, गुरं, नाचणी-वरीचे तुकडे, झऱ्याच्या अंगाला थोडा भात. देवगांडूळ कुठे सापडू शकेल त्याचा रंगीत तक्ता मी आठवडाभर बसून केला होता. मानसीने तो पाहिला, "वा, काय सुंदर अक्षर गं!" म्हणाली आणि गुंडाळून पिशवीत ठेवला. अक्षर!

एका घरातून पन्नाशी उलटलेली बाई बाहेर आली. सगुणाबाई. वाडीचा कारभार बघणाऱ्या येसाजीची थोरली भावजय. "काय शोधताव गो?" मी पुस्तकातलं चित्र पुढे केलं. तिने ते आधी उलटं धरलं, मग सुलटं केलं आणि म्हणाली, "ही तर आंधळी." आणि शेणखताच्या खड्ड्याकडेचा एक दगड उचलला.

खाली होती. जांभळट काळी, तेल लावल्यासारखी चकचकीत, अंगभर वळ्या. डोळे कातडीखाली, असून नसल्यासारखे.

दरवर्षी मी हिचं चित्र फळ्यावर काढते. जिवंत आज पाहिली. आणि दाखवली कोणी, तर शाळेची पायरी न चढलेल्या बाईने, अर्ध्या मिनिटात.

मानसी चिखलात गुडघे टेकून बसली. "सगुणाबाई, तुमच्यापुढे आम्ही कोण हो!" परतताना एसटीत ती बोलत होती आणि मी आठवत होते, असं काही ती मला कधी म्हणाली होती का.

२३ जून, रविवार

आज टेपरेकॉर्डर आणला होता. मानसी म्हणाली, "प्रश्न तू विचार. तुला इथली बोली कळते." म्हणजे मी दुभाषी.

सगुणाबाई सुपात तांदूळ निवडत सांगत होती, "आखाडात ती अंड्यांभवती येटोळं करून बसते. खायला म्हनून उठत नाय. माज्या सासूनं सांगितलेलं, थितं पाय ठिवायचा नाय, दगूड हलवायचा नाय. झऱ्याच्या दरडीत तर लय हायत. धा-पंधरा तरी बसत्यात दर साली."

मानसीने मला विचारलं, "ती मुळीच खात नाही, हे कुठे वाचलंयस का तू?" मी म्हटलं, असं ठाम सांगता येत नाही. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

मग ती सगुणाबाईला म्हणाली, "मला सुरी धरायला हिने शिकवलं. ही नसती तर मी पहिल्याच वर्षी पळून गेले असते." सगुणाबाईने माझ्याकडे बघून मान डोलावली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेल्या मुलीसारखं वाटलं मला. कोणी कीव करत असेल तर मला ती लगेच ओळखू येते.

निघताना मानसीने एक फॉर्म भरून घेतला. पूर्ण नाव, इंग्रजी स्पेलिंग, पदवी, वर्ष, शाळेचा पत्ता, सही. मदतनिसांचा असणार. सगुणाबाईकडून काही भरून घेतलं नाही. तिच्यासोबत मात्र फोटो काढला.

७ जुलै, रविवार

मानसी पुण्यात आहे. तपासायच्या बारा जागा ठरल्यात, त्यातल्या नऊ ते बारा माझ्याकडे. नववी म्हणजे वाडीखालची झऱ्याची दरड. वाडीला रस्ता मंजूर झालाय. तो दरडीतून काढता येतो, किंवा वरच्या कातळाला वळसा घालून. आपली यादी बघून ठरवू, असं तिथल्या इंजिनिअरने मानसीला कबूल केलंय.

पाऊस आठ दिवस गायब आहे. ऐन जुलैत चढणीवर धूळ उडत होती. वर पोचले तर येसाजी अंगणात उभा राहून सगुणाबाईला पोस्टकार्ड वाचून दाखवत होता. मानसीचं.

"बरं झालं आलीस," सगुणाबाई म्हणाली. "ह्यो येसाजी अडाखळतो. तू वाच गो बाय परत."

मी वाचलं. मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. 'सगुणाबाई, तुमच्यासारखी नजर आमच्या अख्ख्या संस्थेत कोणाला नाही.' ऐकताना तिने पदर तोंडाला लावला होता. लाजत होती. मला या महिन्यात मानसीचं एकही कार्ड नाही. फोन येतात, तेही शाळेत, कामापुरते.

"चल, दरडीला नेते तुला," ती म्हणाली. "यंदाची पयली एक बसलेली हाय. लांबनं बगू."

"मला वाट माहीत आहे," मी म्हटलं आणि निघाले.

दरडीकडे मी वळलेच नाही. वाटेतल्या आंब्याखाली अर्धा तास बसले, आणि तिथेच नोंदवहीत लिहिलं: 'क्रमांक ९. दगड उलटून पाहिले. आढळले नाही.'

का, ते इथे तरी लिहायला हवं. सगुणाबाई म्हणते आहे म्हणजे तिथे आहेच, हे मला सहन होत नव्हतं. एका तरी जागी तिचं चुकायला हवं होतं. पुढच्या रविवारी खरोखर बघेन आणि दुरुस्त करेन.

१४ जुलै, रविवार

गेले नाही. चाचणीचे पेपर होते. परवा मानसीचा फोन आला, नोंदी लगेच हव्यात. काल होत्या तशा पाठवल्या. दुरुस्ती काय, नंतरही करता येते.

२४ जुलै, बुधवार

वर्षावासाची पौर्णिमा. शाळेतून आल्यावर विहारात गेले. पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला माझा आवाज बसला. शेजारची बाई म्हणाली, "घसा धरलाय का गं?" मी हो म्हटलं. म्हणजे तिथेही खोटंच.

सावित्री नदीचं पात्र उघडं पडलंय. या दिवसांत महाडकर पुराच्या धास्तीने सामान माळ्यावर चढवतात. यंदा नदीतले खडक मोजता येतात.

जेवताना किरण सहज म्हणाला, "शिवथरच्या गाडीचा ड्रायव्हर सांगत होता, वरच्यावाडीचा रस्ता सुरू झाला म्हणे. पाऊस नाही तर ठेकेदार काम उरकून घेतोय."

"कुठून काढतायत?"

"झऱ्याकडून. का गं?"

मी भात वाढला त्याला.

आता मानसीला फोन करायला हवा. पण मी काय सांगू, आणि कुठल्या तोंडाने?

२७ जुलै, शनिवार

तीन दिवस फोन केला नाही. आज पोस्टाने मानसीचं जाड पाकीट आलं. निबंधाचा मसुदा आहे. शीर्षकाखाली दोन नावं. पहिलं माझं.

ते मी तीनदा वाचलं. आनंद झाला, खोटं कशाला लिहू? असा आनंद बी.एस्सी.च्या निकालानंतर झाला नव्हता. सोबत मानसीची चिठ्ठी होती. 'नावांचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय, वाद घालू नकोस. संस्थेला मी जानेवारीतच तुझं नाव कळवलं होतं, तुला विचारायच्या आधी. शिवथरचा डोंगर निवडला कारण तिथे तू आहेस. तो फॉर्म लेखकांचा होता, तू काहीच विचारलं नाहीस, त्यामुळे मला हसू दाबावं लागलं.' सगुणाबाईचं नाव शेवटी, आभारांत, एका ओळीत.

मग चौथं पान उलटलं. 'क्रमांक ९: झऱ्याची दरड. आढळले नाही. निरीक्षण: गौतमी.'

म्हणजे सबंध महिना मी ज्या सगुणाबाईवर जळत होते, ती मानसीच्या लेखी माझ्या कितीतरी खाली उभी होती. आणि मला मात्र ती डोक्यावर बसलेली दिसत होती.

२८ जुलै, रविवार

पुलापाशी उतरले तेव्हाच यंत्राचा आवाज आला. रविवार असूनही काम चालू.

दरड अर्धी उतरवलेली होती. लाल मातीची भिंत उघडी, वर ओल्या मुळ्या लोंबत होत्या. त्या भिंतीखाली सगुणाबाई कासोटा मारून ढेकळं उचलत होती. मला पाहून तिने विचारपूस केली नाही. "आलीस? धर ही पाटी."

ढेकळात आंधळी होती. साबुदाणा भिजून फुगावा तसा अंड्यांचा घड, त्याभोवती तिचं वेटोळं. पुढचं ढेकूळ मी उचललं. त्यातल्या आंधळीचं मागचं अर्धं अंग यंत्राच्या दात्याने तुटून गेलं होतं. उरलेलं अर्धं अंड्यांना धरून होतं, आणि हलत होतं. माझ्या हातातून ढेकूळ पडलं असतं, सगुणाबाईने खालून हात लावला.

"सगुणाबाई, मी त्या दिवशी इथे आलेच नव्हते," मी म्हटलं. "न बघताच 'नाही' लिहिलं."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय. आंब्याखाली बसली व्हतीस. मी वरनं बगत व्हते."

"मग मानसीला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, उन्हानं दमली आसंल. येईल फुडल्या आयतवारी." तिने पाटीतली माती ओंजळीने सारखी केली. "मी वाट बगितली तुजी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी जाऊन यंत्रासमोर उभी राहिले. चालक म्हणाला, "म्याडम, बाजूला व्हा, दरड येईल अंगावर." तोवर येसाजी धावत आला.

"रस्ता थांबवायचा नाय बाई! माजी लेक आवडी डोलीत गेली. पोट दुकायला लागलं म्हनून चौघांनी उचलली, पूल दिसायच्या आदी सपली. तुमी किड्यांसाठी रस्ता आडवताव?"

सगुणाबाई खालूनच बोलली, "रस्ता नको कोन म्हनतंय भावजी? कातळावरनं न्या."

"इंजिनेर म्हनला हितं काय नाय! कागद हाय त्याच्याकडं!"

"तो कागद माझा आहे," मी म्हटलं. "खोटा आहे. मी न बघता लिहिला."

शिवी आली असावी येसाजीच्या ओठांवर, पण त्याने गिळली. मग चालकाकडे हात केला. "आज बंद कर."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी अकरा घड हलवले, झऱ्याच्या वरच्या अंगाला, तिच्या भाताच्या बांधाखाली सावलीत. माती सुकू नये म्हणून ती झऱ्यावरून हंडे आणत होती. मी तीन हंडे आणले. तिने किती आणले ते मोजायचं धाडस झालं नाही.

३० जुलै, मंगळवार

काल धीर झाला नाही. आज शाळा सुटल्यावर बूथवरून मानसीला फोन केला आणि सगळं एका दमात सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण का?"

"तू तिला कार्ड पाठवलंस म्हणून."

बोलल्यावर मलाच ते कारण किती बारीक आहे ते दिसलं. मानसी म्हणाली, "पाय मुरगळला होता म्हणाली असतीस, तरी मी विश्वास ठेवला असता गं." माझं नाव काढून टाक, असं मी सांगितलं. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला.

४ ऑगस्ट, रविवार

मानसी आली होती, इंजिनिअरला घेऊन. माझी नोंद खोटी होती असं मी त्यांच्यासमोर लिहून दिलं आणि खाली सही केली. राहिलेली अर्धी दरड तशीच ठेवायची आणि रस्ता कातळावरून न्यायचा, असं ठरलं. पण कातळ फोडायचं काम पावसाळ्यानंतरच होणार.

येसाजी म्हणाला, "म्हंजी दिवाळीपतूर आमी डोलीतच. तवर कुनी आजारी पडलं तर तू येशील खांदा द्यायला?"

मी "येईन" म्हटलं. त्याने तोंड फिरवलं. तो चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

मानसी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नंतर सगुणाबाईच्या ओट्यावर दोघी चहा पीत बसल्या होत्या आणि सगुणाबाई तिला हाताने वेटोळं करून काहीतरी दाखवत होती. मी अंगणाच्या कडेला उभी होते. एवढं सगळं होऊनही मला वाटलं, ती जागा माझी आहे. लाज वाटते लिहायला, पण तसंच वाटलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

पाऊस अखेर लागलाय.

सुधारलेला मसुदा आला. चिठ्ठी नाही. शीर्षकाखाली नावं: मानसी आणि सगुणाबाई. माझं कुठेच नाही. क्रमांक ९ पुढे 'आधीची नोंद चुकीची होती. सात घड उघड्यावर नष्ट, अकरा हलवले' असं आहे.

मीच सांगितलं होतं तसं करायला. तरी पहिलं पान मी पुन्हा उलटून पाहिलं. किरणला दाखवलं तर तो म्हणाला, "तूच म्हणालीस ना, काढ म्हणून?"

"हो. म्हणून काय झालं?" मी खेकसले. मग भांडी घासत बसले. तो बिचारा पुसत उभा राहिला.

१ सप्टेंबर, रविवार

दर रविवारी वर जाते. अकरातले नऊ घड गेले. काहींवर बुरशी आली, काही आधीच्या उन्हाने सुरकुतले होते. दोन आहेत. येसाजी दिसला की वाट बदलतो. सगुणाबाई कामाशिवाय बोलत नाही, पण मी पोचते तेव्हा पाण्याचा तांब्या ओट्यावर भरलेला असतो.

शाळेत आज कोणी विचारलं तर मी आंधळीबद्दल तासभर सांगू शकेन. पण त्यातलं निम्मं सगुणाबाईचं आहे, आणि ते सांगताना तिचं नाव घ्यावं लागेल. परवा आठवीच्या वर्गात घेतलं. जड गेलं.

२२ सप्टेंबर, रविवार

वर पोचले तर अंगणात डोंगर चढायचे बूट काढून ठेवलेले. मानसी न कळवता आली होती. सगुणाबाईसाठी तिने मोठं भिंग आणलं होतं, लाकडी मुठीचं. माझ्या छातीत ओळखीची कळ आली. त्या कळेला मी आता ओळखते. येते, बसते, हाकलून ती जात नाही.

"बगा, बगा, चालली!" बांधाखालून सगुणाबाईने हाक मारली.

आम्ही दोघी धावलो. दोनातला एक घड फुटला होता. आई बाजूला पडली होती, हाडांवर कातडं राहावं तशी वाळलेली, पण जिवंत. आणि पिल्लं ओल्या मातीतून वळवळत झऱ्याच्या पाण्याकडे निघाली होती, काळी दोऱ्याएवढी. सगुणाबाईने भिंग डोळ्याला लावलं, मग बाजूला ठेवून दिलं. तिला त्याची गरज नव्हती.

एक पिल्लू पानाखाली अडकलं. सगुणाबाईने काडीने पान उचललं.

मानसीने पिशवीतून वही काढली, टोपण दातात धरून पेन उघडलं. महिन्याभरापूर्वी चिठ्ठीविना आलेला तो मसुदा अजून आमच्या दोघींमध्ये होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी लिहिते. मोज तू."

मी पाण्याच्या काठाशी पालथी झाले. साडी भिजली. पिल्लं एकमेकांच्या अंगावरून सरकत होती, मध्येच मातीत शिरत होती. मी एकेक मोजत गेले, मोठ्याने.

"चौदा," मी म्हटलं.

मानसीचं पेन कागदावर टेकलं नाही. "नक्की?"

सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला आकडा माहीत होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती बोलली नाही.

"थांब," मी म्हटलं, "पुन्हा बघते." आणि पुन्हा खाली वाकले.